मदत हवी आहे: सादळलेले बॉल, बंगळुरूची हवा आणि लेकीचे फटके

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी,

प्रश्न बेसबॉलचा आहे. इथे क्रिकेटवाले जास्त, हे माहीत आहे. पण भौतिकशास्त्र जाणणारेही बरेच आहेत, म्हणून धीर करून विचारते.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तीन वर्षं बेसबॉल खेळते. सराव खाडीच्या बाजूच्या ग्राउंडवर चालतो. ती सेंटर फिल्डला असते आणि बॅटिंगला चौथी येते. एप्रिल-मे महिन्यात तिचे उंच फटके थेट कुंपणाशी जाऊन पडायचे. जूनअखेरपासून तसेच फटके पाच-सहा पावलं अलीकडे पडतात आणि अलगद कॅच होतात. सर म्हणतात ताकद कमी पडतेय, खाणं वाढवा. पोरगी दोन महिने अंडी, शेंगदाणे, दूध सगळं मुकाट्याने खातेय. मागच्या रविवारी घरी आली, बूट काढले आणि दाराशीच बसून रडली. "आई, मला आता मारताच येत नाही" म्हणाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

त्यानंतर मी मुद्दाम सराव बघायला गेले. बॉलची पिशवी ग्राउंडच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला टेकून ठेवलेली असते. एक बॉल हातात घेतला तर जडसर लागला, कातडं मऊ पडलेलं. आमच्याकडे जुलैत डब्यातले पापड सादळतात, कपाटातल्या चामडी पर्सला पांढरी बुरशी येते. मग बॉल कसा सुटेल?

आता मुख्य गोंधळ. जानेवारीत तिच्या टीमला बंगळुरूला स्पर्धेसाठी जायचं आहे. कुणीतरी सांगितलं की उंचावर आणि कोरड्या हवेत बॉल लांब जातो, अमेरिकेत डेन्व्हरला त्यामुळे होम रनचा (थेट कुंपणापलीकडे जाणाऱ्या फटक्यांचा) पाऊस पडतो. उंचावर हवा विरळ असते, तेवढं कळलं. पण कोरड्या हवेचं काय? मी असंही वाचलं की दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. तसं असेल तर आमच्या ऐरोलीच्या पावसाळ्यात फटके उलट लांब जायला हवेत ना? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

आणि बॉल सुकवायचा घरगुती, सुरक्षित उपाय आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

भौतिकवेडा

ताई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गाठ सुटत नाही कारण "कोरडी हवा" म्हणताना आपण दोन वेगळे परिणाम एकत्र बांधतो. हवा उडत्या बॉलला काय करते हा एक, आणि हवा कपाटात पडलेल्या बॉलला काय करते हा दुसरा.

आधी पहिला. पाण्याच्या रेणूचं वस्तुमान 18, नायट्रोजनचं 28, ऑक्सिजनचं 32. तापमान आणि दाब सारखा असेल तर ठरावीक जागेत मावणाऱ्या रेणूंची संख्या तेवढीच राहते. म्हणजे बाष्प आलं की ते जड रेणूंची जागा घेतं आणि हवा हलकी होते. तुमचं वाचन बरोबर आहे. पण किती हलकी? 30 अंशांना आर्द्रता 20 टक्क्यांवरून 80 वर नेली तरी घनता जेमतेम 1 टक्क्याने घटते. फटक्यात त्याने वीतभर-हातभर फरक पडेल. तो ग्राउंडवर डोळ्यांनी दिसणार नाही.

उंचीचं गणित वेगळं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5,280 फूट, बरोबर एक मैल उंचीवर आहे आणि तिथली हवा आपल्यापेक्षा साधारण 18 टक्के विरळ. बॉलला मागे खेचणारा रोध घनतेच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो तेवढाच कमी होतो. हा रोध किती मोठा असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो: ताशी 160 किलोमीटर वेगाने निघालेला चांगला फटका हवेतून 120 मीटरच्या आसपास पडतो. हवाच नसती तर तो पावणेदोनशे मीटर गेला असता.

मग 18 टक्के विरळ हवेत फटका 18 टक्के लांब का जात नाही? कारण उलटी फिरकी घेऊन निघालेल्या बॉलला हवाच वर उचलून धरते, या उचलणाऱ्या बलाला मॅग्नस बल म्हणतात. हवा विरळ झाली की हा आधारही कमी होतो. एका हाताने मिळतं, दुसऱ्या हाताने थोडं जातं. हिशेबाअंती 400 फुटांचा फटका डेन्व्हरला 420 च्या आसपास जातो, म्हणजे सुमारे 5 टक्के.

बंगळुरू 920 मीटरवर आहे. तिथली हवा ऐरोलीपेक्षा 9-10 टक्के विरळ धरा. त्या मानाने 80 मीटरचा फटका साधारण 2 मीटर पुढे जाईल. तुमचं बंगळुरूचं उत्तर एवढंच आहे.

डेन्व्हरवासी

मूळचा नौपाड्यातला, आता बरीच वर्षं डेन्व्हरजवळ. हा धागा बघून फार बरं वाटलं.

इथल्या कूर्स फील्ड या बेसबॉल स्टेडियममध्ये वरच्या गॅलरीत खुर्च्यांची एक ओळ जांभळी आहे, बाकी सगळ्या हिरव्या. ती ओळ म्हणजे बरोबर एक मैल उंची. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो होतो.

1995 साली सुरू झालेलं हे मैदान बांधताना बॉल लांब जाणार हे ठाऊक होतं, म्हणून कुंपण मागे नेलं. डावीकडे 347 फूट, मध्ये 415, उजवीकडे 350. त्याचा वेगळाच परिणाम झाला. आउटफिल्ड, म्हणजे कुंपणाकडचा मागचा भाग, एवढं पसरलं की तीन फिल्डर पुरे पडेनात आणि मधल्या मोकळ्या जागेत साधे हिट पडू लागले. होम रनही थांबले नाहीत. 1999 च्या एका मोसमात या एका मैदानावर 303 होम रन झाले.

पण ताईंना उपयोगी पडेल ती गोष्ट पुढची आहे. इथे हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, लाकडी दारं आकसतात. असं सांगतात की स्टेडियममधल्या एका इलेक्ट्रिशियनचे चामडी बूट शिकारीला गेल्यावर सुकून आकसले. त्याला वाटलं, आपल्या बॉलचंही हेच होत असणार. त्यातून 2002 साली बॉल साठवायची एक खास खोली आली, ह्युमिडॉर. आत 21 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता. त्यानंतर होम रन जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी झाले. उंची तीच, हवा तेवढीच विरळ, फक्त बॉल सुकायचा थांबला.

भौतिकवेडा

हाच दुसरा परिणाम, आणि ताईंच्या मुलीची गोष्ट इथेच आहे असं मला वाटतं.

बेसबॉलच्या पोटात कॉर्क आणि रबराचा गोळा, त्यावर लोकरीच्या धाग्याचे घट्ट वेढे आणि वरून गाईचं कातडं. लोकर आणि कातडं दोन्ही पाणी ओढतात. ओलसर बॉल दोन प्रकारे मार खातो. थोडा जड होतो आणि, त्याहून महत्त्वाचं, त्याची उसळी कमी होते. बॅटवर आदळल्यावर बॉल दबतो आणि परत फुलतो, त्यात ओलसर लोकर जास्त ऊर्जा गिळते. बॅटपासून निघतानाच वेग कमी.

इलिनॉय विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत मोजलं आहे. बॉल 30 टक्के आर्द्रतेऐवजी 50 टक्क्यांत ठेवला तर 380 फुटांच्या फटक्यात 14 फुटांची घट येते. म्हणजे सव्वाचार मीटर, नुसत्या साठवणीने! आपल्याकडे जुलैत आर्द्रता 85-90 टक्के, शिवाय ती ओल धरलेली भिंत आणि ओल्या गवतात पडणारा बॉल. पाच-सहा पावलं कुठे गेली ते शोधायला मुलीच्या ताटात बघायची गरज नाही.

डेन्व्हर आणि ऐरोली ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. त्यांना बॉल ओलसर करावा लागला, तुम्हाला सुकवावा लागेल. 2018 मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या संघाने तशी खोली बसवली आणि 2022 पासून मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, सगळ्या 30 मैदानांवर ती आहे. समुद्रकाठच्या दमट शहरांत तीच खोली बॉल थोडा कोरडा ठेवायचं काम करते.

ऐरोलीकर

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. तिला सगळं वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण पुन्हा वाच म्हणाली.

सुकवायचं कसं? हेअर ड्रायर चालेल? की गॅलरीत उन्हात ठेवू?

मीठमोहरी

ड्रायर नको, कडक ऊनही नको. वरचं कातडं तडकतं, शिवण ताठ होते आणि आतली लोकर ओलीच राहते.

मी रसायनशास्त्र शिकवते. शाळेत हा प्रयोग करून घेतला आहे, बॉलऐवजी लाकडाचे तुकडे घेऊन. घट्ट झाकणाचे दोन प्लॅस्टिकचे डबे घ्या. एकात सिलिका जेलच्या पिशव्या टाका. रंग बदलणारं जेल मिळालं तर उत्तम, ओल धरली की कळतं आणि तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. निळं जेल मात्र घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं; नारिंगी घ्या. आणि तो तवा स्वयंपाकाला परत वापरू नका.

दुसऱ्या डब्यात ताटलीत साधं मीठ घालून जेमतेम भिजेल एवढं पाणी टाका. लगदा व्हायला हवा, पाणी वर तरंगता कामा नये. बंद डब्यात असा लगदा हवा 75 टक्क्यांवर धरून ठेवतो. बॉल त्याला टेकू देऊ नका, जाळीवर ठेवा. पावसाळ्यात आपल्या घरातल्या हवेपेक्षा 75 टक्केसुद्धा कोरडी असते, आश्चर्य वाटेल पण आहे.

जेलच्या डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा आणि 50 च्या आसपास थांबवा. फार कोरडा बॉल टणक आणि गुळगुळीत होतो, पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, बोटांतून निसटतो. मुलींच्या सरावात ते धोक्याचं आहे. आणि घाई नको. लोकरीच्या आतपर्यंत फरक पोचायला दोन आठवडे द्या. मेजर लीगमध्येही बॉल वापरण्याआधी निदान 14 दिवस त्या खोलीत ठेवतात.

जुना पिचर

वरचं सगळं पटलं. मी वाशीत खेळलो, नंतर काही वर्षं पुण्यात. ताई, फटक्यांच्या नादात एक गोष्ट राहतेय. विरळ हवेत कर्व्हबॉल, म्हणजे फिरकी देऊन वळवलेला बॉल, कमी वळतो. फिरकीला वळवणारी हवाच कमी, म्हणून वळणही कमी. बंगळुरूला 9-10 टक्के कमी धरा. आमच्या टीमचे पिचर पहिल्या दिवशी हैराण व्हायचे. खाली पडायला हवा तो बॉल कमरेच्या उंचीवर तसाच यायचा आणि ठोकला जायचा. सरळ टाकलेला बॉलही वाटेत वेग कमी गमावतो, किंचित आधी पोचतो. मुलीला सांगा, पहिल्या दिवशी नेटमध्ये फक्त वेळ पकडायची. जोर लावायचा नाही.

डेन्व्हरच्या हिटरांना हाच त्रास उलट्या बाजूने होतो. घरच्या मैदानावर कमी वळणाऱ्या बॉलची सवय लागते आणि बाहेरगावी गेले की बॉल बॅटखालून निसटतो. तुमच्या मुली खालून वर जाणार आहेत, त्यांना जास्त वळणाऱ्या बॉलची सवय आहे. हा फायदाच समजा.

डेन्व्हरवासी

याला जोडून: एप्रिल 2023 मध्ये मेक्सिको सिटीत पॅड्रेस आणि जायंट्स हे मेजर लीगचे संघ खेळले, जवळपास सव्वादोन हजार मीटर उंचीवर. पहिला सामना 16-11 सुटला आणि दोन्ही संघांचे मिळून 11 होम रन झाले. रोज खालच्या हवेत टाकणारे पिचर एकदम वर गेले की काय होतं ते त्या दिवशी दिसलं.

ऐरोलीकर

सतरा दिवसांनी लिहितेय.

सहा बॉल जेलच्या डब्यात ठेवले, सहा ग्राउंडच्या पिशवीतच. काल लेकीने आणि मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिडीवरून दोन मीटर उंचीवरून एकेक बॉल सोडला. मागच्या भिंतीवर टेप लावली होती, धाकट्याने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं. सुकलेले सहाच्या सहा बॉल वर आले, सादळलेल्यांपेक्षा तीन-चार बोटं तरी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सुकलेला बॉल 145 ग्रॅम, पिशवीतला 151. नियमात वजन 142 ते 149 आहे असं तिनेच शोधून काढलं. म्हणजे आमच्या मुली इतके दिवस नियमाबाहेरच्या बॉलने खेळत होत्या.

आज सकाळी सरांना व्हिडिओ दाखवला. आधी त्यांनी ऐकून घेतलं, मग स्वतः काट्यावर तीन-चार बॉल ठेवून पाहिले. पिशवी आता दुसऱ्या खोलीत हलवली आहे आणि पालकांनी मिळून दोन मोठे डबे घेतले. तिचे फटके किती लांब गेले ते मी मोजलं नाही, मुद्दामच. पण ती घरी येऊन पोहे खाता खाता बोलत होती, न थांबता.

एक शेवटचं विचारते. ती सेंटर फिल्डला असते, बंगळुरूला तिने उभं कुठे राहायचं?

जुना पिचर

नेहमीच्या जागेपेक्षा दोन-तीन पावलं मागे. उंच बॉल अंदाजापेक्षा पुढे येतो आणि डोक्यावरून गेला की मागे पळून मिळत नाही; पुढे पळणं सोपं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांना वीस-पंचवीस उंच फटके मारायला सांगा, तिथल्याच मैदानावर आणि तिथल्याच बॉलने. पहिले पाच-सहा चुकतील. मग डोळा बसतो.