अनुभव धागा: आपली माहिती कुणाकुणाच्या हातात जाते?

कुणाचं खातं हॅक झालं की त्याची बातमी होते. पण पुण्यात माझ्या आसपास जे कानावर येतं, त्यात माहिती बाहेर जाते ती झेरॉक्सच्या दुकानातून, सोसायटीच्या ग्रुपवरून, नातेवाइकांच्या फॉरवर्डमधून. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला. तो हक्क रोजच्या व्यवहारात तुम्ही कसा वापरलात, कुणाला 'नाही' म्हणालात आणि पुढे काय झालं, ते लिहा. प्रतिसादात कुणाचं नाव, नंबर, पत्ता मात्र नको.

रानजाई:
माझ्या बहिणीचा बायोडेटा. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, देवक, कंपनी, पगार, मामांची नावं आणि गावं, आईचा मोबाइल, वर तीन फोटो. वधू-वर ग्रुपवर एकदा गेला आणि मग कुठे कुठे फिरला याचा पत्ताच नाही. तिचं लग्न झालं तरी आईला फोन येत राहिले. नंतर एका विवाहविषयक साइटवर तिच्याच फोटोने, दुसऱ्याच नावाने प्रोफाइल सापडलं. बहीण त्या दिवशी जेवली नाही. आम्ही आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवली, मग साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणं आणि त्याचा संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवली. प्रोफाइल निघालं. ग्रुपवरचे फोटो मात्र परत आणता येत नाहीत.

आता मावसबहिणीसाठी स्थळं बघताना आम्ही पद्धत बदलली. मावशीचं म्हणणं, "पत्रिका जुळल्याशिवाय पुढे बोलायचं तरी कसं?" बरोबर आहे. पण गुण जुळवायला तारीख, वेळ आणि गाव लागतं, नाव-पत्ता लागत नाही. म्हणून तेवढंच एका कागदावर, बिननावाचं देतो. शिक्षण, उंची, अपेक्षा वेगळ्या कागदावर, त्यात जन्मसाल फक्त. फोटो आणि नंबर दोन्ही घरांचं बोलणं झाल्यावर. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव विचारून फोनवर ओळख पटवणाऱ्या संस्था अजून आहेत, आणि आपण तेच छापून वाटतो. मावशीला हे पटलं. आता तीच इतरांना सांगते.

अभ्यासिका_पेठ:
आम्हा स्पर्धा परीक्षावाल्यांचं निम्मं आयुष्य झेरॉक्सच्या दुकानात जातं. कागदपत्रं दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायची, काका प्रिंट काढणार. एकदा त्यांच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडचं फोल्डर उघडं दिसलं. कितीतरी पोरापोरींची आधार, जातीचे दाखले, मार्कशीट, सह्यांचे फोटो. मी काकांना शांतपणे सांगितलं की यातलं एखादं आधार वापरून कुणी सिम काढलं तर पोलीस त्या पोराच्या दारात येतील. त्यांनी माझ्यासमोर सगळं पुसलं, रिसायकल बिनसुद्धा. आता काउंटरवर पाटी आहे, 'प्रिंट झाल्यावर फाइल काढून टाकली जाते'. दुकान नेहमीचं असेल तर बोलून बघा, माणसं ऐकतात. मी स्वतः मास्क्ड आधारच देतो, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. आणि प्रत्येक प्रतीवर कशासाठी दिली ते, तारीख आणि सही, छापील मजकुराला छेदून जाईल अशी.

वाकड_भाडेकरू:
भाडेकरू असलं की सगळ्यांनाच आपली कागदपत्रं मागायचा अधिकार आहे असं वाटतं. माझा भाडेकरार, त्यात पॅन, आधार, गावचा पत्ता, फोटो, सगळा जसाच्या तसा कमिटीच्या ग्रुपवर टाकला गेला. एकटी राहणाऱ्या बाईचा. मी सेक्रेटरींना लेखी विचारलं: सोसायटीला करार झाल्याचा पुरावा हवा की माझा पॅन नंबर? उत्तर यायला वेळ लागला, पण आले. आता नंबर झाकलेली प्रत चालते आणि ती ऑफिसच्या फाइलमध्ये राहते. कुठे आधारसाठी अंगठा दिल्यावर मी आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांसारख्या खुणांवरून ओळख पटवणं, लॉक करते, गरजेपुरतं उघडते. गेटवरच्या वहीत मात्र अजून प्रत्येकाचा नंबर उघडा असतो. त्याचं काय करायचं कुणी सांगेल का?

टिळकरोड:
बिलासाठी मोबाइल नंबर देणं सक्तीचं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तसं कळवलं होतं. मी "नंबर देत नाही" एवढंच म्हणतो. बिल मिळतं.

फराळ_घरचा:
वरचं सगळं मान्य, पण माझं काम नंबर लपवून होत नाही. चकली-अनारशांच्या ऑर्डरी फोनवरच येतात. दिवाळीत रात्री-अपरात्री व्हिडिओ कॉल यायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, बंद कर हे. मी व्यवसाय बंद केला नाही, नंबर वेगळा केला. दुसरं सिम, त्यावर बिझनेस व्हॉट्सअॅप, प्रोफाइलला चकलीचा फोटो. घरचा नंबर फक्त घरच्यांकडे. पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर, तोही बिल्डिंगच्या गेटपर्यंत. जाहिरातीत दार, नावाची पाटी, मुलं येणार नाहीत असे फोटो काढते. बाईने दिसायचंच नाही हा उपाय मला मंजूर नाही.

कात्रजकर:
वडील गेल्यावर त्यांचं सिम लगेच बंद करणार होतो. बँकेतल्या ओळखीच्या बाईंनी थांबवलं. त्या नंबरवर पेन्शन, डीमॅट, गॅस, वीज सगळं जोडलेलं. बंद केलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि मग त्यांचे मेसेज त्या माणसाकडे जातात. आम्ही छोटे रिचार्ज करत राहिलो, एकेक खातं बंद केलं किंवा वारसाच्या नावावर केलं, मग सिम. फेसबुकला मृत्यूचा दाखला देऊन त्यांचं खातं स्मृतिखातं केलं, नाहीतर दरवर्षी लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा देत राहिले असते आणि आई ते वाचत बसली असती. घरात म्हातारं माणूस असेल तर कोणता नंबर कुठे जोडलाय, त्याची यादी आत्ताच त्यांच्यासोबत बसून करा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' अशी नोंद तिथेच करता येते.

रानजाई:
@वाकड_भाडेकरू, आमच्याकडे वहीऐवजी सुट्ट्या चिठ्ठ्या केल्या. पाहुणा लिहितो, वॉचमन पेटीत टाकतो, महिनाअखेरीस चिठ्ठ्या फाडतात. सभेत विषय मांडताना ज्येष्ठ नागरिकांना सोबत घ्या, फसव्या फोनचा त्रास त्यांनाच जास्त होतो आणि त्यांचं सभेत ऐकलं जातं. अर्जाचा नमुना हवा असेल तर इथेच टाकते.