मसाल्यातली खसखस आधी बघा
काकू, रत्नागिरीहून दुबईला लेकीकडे जाताना मसाला आणि सुकं खोबरं न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मसाला घरचा असेल तर त्यात खसखस आहे का ते आधी बघा. आपल्या मालवणी मसाल्यात ती हमखास पडते, पण खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, म्हणून अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि तिथले अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. चिमूटभरसुद्धा नको. लेकीसाठी खसखस वगळून वेगळा मसाला कुटून घ्या.

खोबऱ्याच्या वाट्याही राहू द्या. त्यातल्या तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून चेक-इन सामानात घेत नाहीत. वाटपाला नारळ तिथे मिळतो. आमसुलं, कुळथाचं पीठ खुशाल न्या.

आणि खोकल्याच्या औषधात कोडीन (अफूच्या जातीचं औषध) असेल तर तिथल्या सरकारची परवानगी ऑनलाइन आधीच काढा.