एडीएचडी असलेल्या मुलाबद्दल शिक्षकांना काय सांगावं?

नववीची_आई: मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं त्याला जड जातं. यंदा वर्गशिक्षक बदलले, तेव्हा डॉक्टरांची फाईल न देता एक पान लिहून दिलं. एका वेळी एकच सूचना द्या. गृहपाठ घंटा झाल्यावर तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा. पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा. वही विसरला तर जरूर विचारा, पण वर्गासमोर नको. शिक्षकांना मेंदूचं शास्त्र ऐकवून उपयोग नाही, उद्याच्या तासाला काय करायचं तेवढं सांगावं असं माझं मत. एका बाईंनी पान जपून ठेवलं. एका सरांनी "ही सगळी नवी फॅडं" म्हणून परत केलं.

सडेतोड: सरांचं बरोबर आहे. आमच्या वेळी अशा पोरांना वांड म्हणायचे, दोन छड्यांत सरळ व्हायची. मोबाईलवर गेम खेळताना हाच मुलगा दोन तास हलत नसेल. तिथे बरं लक्ष लागतं! नाव दिलंत की त्याला आयतंच निमित्त मिळणार.

मागचा_बाक: गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस मिळतं, बीजगणिताचं फळ थेट सहामाहीला. लक्ष मुळातच नसतं असं नाही हो, ते नको तिथून काढून हवं तिथे लावणं जमत नाही. मी याच जातकुळीतला. छड्या भरपूर खाल्ल्या. सरळ झालो नाही, वह्या लपवण्यात मात्र तरबेज झालो.

गणित_सर: वर्गात ६४ मुलं, तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पाच हजेरीत जातात. वर निवडणुकीची कामं. अशी चार पालकांची चार पानं आली तर शिकवू कधी? आणि बाकीची मुलं विचारतातच, "सर, त्यालाच का सवलत?"

नववीची_आई: सर, फळ्यावर लिहिलेला गृहपाठ ६४ जणांच्याच कामाचा आहे. ती सवलत कशी?

लेकीची_माय: मुलींचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. माझी लेक दंगा करत नाही, गप्प बसून कुठेतरी हरवलेली असते. प्रगतिपुस्तकात दरवर्षी तोच शेरा: "हुशार आहे, पण आळस करते." सडेतोड, उठसूट कोणालाही हे नाव देत नाहीत. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आणि एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही, दिसावी लागतात. म्हणून डॉक्टर शिक्षकांकडूनही प्रश्नावली भरून घेतात. आणखी एक, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी खास अडचण) आहे, एडीएचडी नावाने नाही. पुष्कळ मुलांना दोन्ही असतं, तेव्हा तीही तपासणी करून घ्या. दहावीला जादा वेळ हवा असेल तर अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ऐनवेळी हातात पडत नाही.

गणित_सर: अशी प्रश्नावली मीही भरून दिलीय. पुढे निदान काय झालं, वर्गात काय करायचं, ना डॉक्टरांनी कळवलं ना पालकांनी. मुलगा दहावी होऊन गेलासुद्धा. आम्हाला समज नाही म्हणता, पण आमच्यापर्यंत पोचतं काय?

सडेतोड: बघा! म्हणजे नुसते कागदी घोडे.

मागचा_बाक: ताईंनी नेमकं तेच पोचवलं की, एका पानात. ते परत आलं.

गणित_सर: मी परत केलं नसतं. गृहपाठ सोमवारपासून फळ्यावर लिहितो. पुढच्या बाकाचं मात्र अवघड आहे, तिथे आधीच चष्मेवाले बसलेत आणि त्यांच्याही आया भेटून गेल्यात.