डेक आणि कूलर
वर कुणीतरी विचारलंय, जुन्या कॅसेट डेकचा आवाज दबका का येतो? हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, टेपची तपकिरी भुकटी बसते हो. स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा, अर्धं काम तिथंच होतं.

आमचा पहिला स्टिरिओ बाबांनी नागपूरच्या सीताबर्डीहून सायकलरिक्षात मांडीवर घेऊन आणला. महाल भागातल्या घरी एक स्पीकर फडताळावर, दुसरा कूलरशेजारी. मे महिन्यात कूलर लागला की डावा कान बहिराच! आवाज वाढवला तर आजी ओरडायची, "काहून रे, सारा महाल जागवतोस?" सी-९० कॅसेट बाबा घेऊ देत नसत. एका बाजूला ४५ मिनिटं मिळतात खरी, पण फीत पातळ, रोलरमध्ये गुंतते. मग बसा कॅसेटच्या भोकात पेन्सिल फिरवत. आणि डेकचा रबरी पट्टा ढिला पडला की फीत हळू फिरून गायिकेचा गायक व्हायचा.