कोरडे दिवस किती धरायचे?

कुणीतरी विचारलंय, एसडब्ल्यूएमएममध्ये (शहरातलं पावसाचं पाणी कसं वाहतं आणि किती घाण नेतं याचा हिशेब करणारी संगणक प्रणाली) पावसाआधीचे कोरडे दिवस, म्हणजे रस्त्यावर घाण साठत राहते ते दिवस, किती टाकायचे. पुण्यासाठी ऑक्टोबर ते मे मोजून सरळ २००च्या वर आकडा टाकला आणि घाण साठण्याचं सूत्र रेषीय (रोज तेवढीच भर घालणारं) ठेवलं, तर घोटाळाच. रस्त्यावरची घाण बेमुदत साठत नाही; झाडू, वारा, वर्दळ ती हलवत राहतात. कमाल मर्यादा असलेलं घातांकी सूत्र घ्या, म्हणजे साठा आधी भरभर वाढतो आणि मग मर्यादेपाशी थबकतो. धुपणीचे गुणांक (पाऊस किती घाण धुऊन नेतो ते ठरवणारे आकडे) नुसत्या जुलैच्या पाण्याच्या नमुन्यांवर बसवू नका, तोवर बरंच वाहून गेलेलं असतं. वळवाची पहिली सर पकडा. आणि नाल्यातून नमुना नको, बाबांनो! त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, मग सगळा बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू, म्हणजे प्रदूषणाचं माप) बिचाऱ्या रस्त्याच्या माथी. रस्त्याकडेच्या जाळीपाशीच बाटली धरा. छत्री धरायला कुणाला तरी सोबत न्या.