स्टोअरचे रिपोर्ट नवीन झाल्यापासून आकडेच लागत नाहीयेत, तुम्ही काय वापरता?

दुकान_उघडं_आहे:
नमस्कार मंडळी. मी आणि बहीण मिळून एक छोटं ऑनलाइन दुकान चालवतो, रेडीमेड प्लॅटफॉर्मवर. प्लॅटफॉर्मवाल्यांनी मध्यंतरी रिपोर्टचा अख्खा भाग बदलला आणि तेव्हापासून डोकं उठलंय. जुनं दिसायला साधं होतं पण कुठला माल कुठून आलेल्या गिऱ्हाइकाने किती घेतला ते एका टेबलात दिसायचं, बघितलं की कामाला लागायचं. आता आधी डॅशबोर्ड, त्यात कार्डं, कार्डावर क्लिक केलं की ग्राफ, ग्राफखाली टेबल नाही, टेबल हवं तर स्वतः रिपोर्ट बनवा, मेट्रिक निवडा, फिल्टर लावा, आणि एवढं करून आम्ही सेव्ह केलेले जुने रिपोर्ट गेले ते गेलेच.

तेही चालवून घेतलं असतं हो, पण गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची विक्री जुन्या डाउनलोडमध्ये वेगळी आणि नव्या रिपोर्टमध्ये वेगळी! झालेली विक्री मागे जाऊन कशी काय बदलते? सपोर्टला विचारलं तर हेल्प पेजची लिंक चिकटवून मोकळे. दुसरं एखादं टूल लावावं का? कोणतं? आमच्यात टेक्निकल कोणी नाही हे आधीच सांगते.

कार्टमध्ये_अडकलेला:
+१. मोबाइलवर तर तारीख बदलायला गेलं की पान परत पहिल्यापासून लोड होतं. हे डिझाइन करणाऱ्यांनी कधी स्वतः माल विकलाय का असा प्रश्न पडतो. धागा फॉलो करतोय.

वहीखातं:
ताई, टूल नंतर बघा, आधी फरक कुठे पडतोय ते शोधा, नाहीतर नवीन टूलचा तिसराच आकडा येईल आणि तिघांची भांडणं तुम्हीच सोडवत बसाल.

एकच दिवस घ्या, शक्यतो परतावा झालेला. त्या दिवसाच्या ऑर्डर सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादीची फाइल) उतरवा आणि नव्या रिपोर्टशी ऑर्डर नंबर लावून ताडून बघा, बेरजा नाही, ऑर्डर नंबर. बहुतेक वेळा घोळ ठरलेल्या जागी सापडतो. पहिली जागा परताव्याची. समजा ५ तारखेला १००० ची ऑर्डर आली आणि २० तारखेला त्यातली ३०० ची वस्तू परत आली. एक रिपोर्ट ५ तारखेलाच ७०० दाखवतो, म्हणजे मागचा आकडा बदलतो, दुसरा ५ ला १००० आणि २० ला उणे ३०० दाखवतो. दोन्ही बरोबर, फक्त पद्धत वेगळी, आणि महिना ओलांडून परतावा आला की दोन महिन्यांचे आकडे हलतात. तुमच्या मागे जाऊन बदलणाऱ्या विक्रीचं हेच कारण असावं असा माझा अंदाज.

दुसरं म्हणजे टाइमझोन. रिपोर्ट यूटीसीवर (जगाची प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आणि दुकान स्थानिक वेळेवर असेल तर मध्यरात्रीच्या आसपासच्या ऑर्डरी भलत्याच दिवसात पडतात. शिवाय विक्री या एकाच नावाखाली कुठे डिलिव्हरी चार्ज आणि टॅक्स धरतात कुठे नाही, सूट कुठे आधी वजा कुठे नंतर, रद्द झालेल्या आणि टेस्ट ऑर्डरी कुठे मोजतात कुठे गाळतात.

आणि पैशाच्या बाबतीत रिपोर्टला शेवटचा शब्द मानूच नका. ऑर्डरची यादी आणि पेमेंट गेटवेचं सेटलमेंट, म्हणजे पैसे घेणाऱ्या कंपनीने तुमच्या खात्यात प्रत्यक्ष जमा केल्याचा हिशोब, बास.

यूटीएम_वाला:
वहीखातं यांना अनुमोदन, पण गिऱ्हाईक कुठून आलं हे सेटलमेंटमध्ये दिसत नाही, त्याला अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणारं टूल, लागतंच. तिथेही आकडा तंतोतंत जुळेल ही आशा सोडा. सफारी ब्राउझरमध्ये स्क्रिप्टने टाकलेली कुकी (गिऱ्हाईक ओळखायची खूण) साधारण ७ दिवसांत जाते, त्यामुळे दहा दिवसांनी परत आलेलं जुनं गिऱ्हाईक नवीन म्हणून मोजलं जातं. जाहिरातवाल्यांचं तर विचारूच नका, एकाच ऑर्डरवर दोघं हक्क सांगतात, दोघांच्या डॅशबोर्डची बेरीज केली तर प्रत्यक्ष ऑर्डरींपेक्षा जास्त भरते.

फुकटात हवं तर जीए४, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्सची सध्याची आवृत्ती. त्याआधीचं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ ला बंद झालं तेव्हा लोकांनी हाच शंख केला होता, बाउन्स रेटची (येऊन काही न करता निघून गेलेल्या भेटींचं प्रमाण) व्याख्याच बदलली म्हणून जुन्या-नव्याची तुलना करता येईना. लावलंत तर पहिल्या दिवशी डेटा रिटेन्शन (डेटा किती दिवस ठेवायचा ते सेटिंग) २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या. डिफॉल्ट २ असतं, आणि स्वतः बनवलेल्या एक्सप्लोरेशन रिपोर्टमध्ये त्यामागचं दिसत नाही, नेमकं गेल्या वर्षीशी ताडायची वेळ आली की कळतं. आणि कालचा आकडा आज बघून घाबरू नका, प्रोसेसिंगला २४ ते ४८ तास लागू शकतात.

स्वतःचा_सर्व्हर:
पुन्हा दुसऱ्याच्याच दारात कशाला जाता? उद्या तेही डिझाइन बदलतील. मॅटोमो हे अ‍ॅनालिटिक्स टूल बघा, पूर्वी पिविक नाव होतं. ओपन सोर्स आहे, स्वतःच्या होस्टिंगवर चालतं, ऑर्डर मोजायची सोय आतच आहे आणि डेटा आपल्याकडे राहतो.

यूटीएम_वाला:
त्या वर लिहितायत की टेक्निकल कोणी नाही, आणि तुम्ही त्यांना डेटाबेस सांभाळायला लावताय! अपडेट, बॅकअप कोण बघणार? शिवाय रेडीमेड प्लॅटफॉर्मवर चेकआउटच्या पानात आपला कोड टाकू देतात का ते आधी बघावं लागेल, नाहीतर भेटी मोजल्या जातील पण ऑर्डरी नाही.

स्वतःचा_सर्व्हर:
चेकआउटचा मुद्दा मान्य. सर्व्हर नको असेल तर मॅटोमोचीच पैसे देऊन वापरायची क्लाउड सेवा आहे. अगदी साधं हवं तर प्लॉजिबल नावाचं टूल, एका पानात सगळं, कुकी नाही. पण ते भेट देणारा माणूस दिवसापुरताच ओळखतं, त्यामुळे जुनं गिऱ्हाईक किती वेळा परत आलं हे त्यातून कळणार नाही.

दुकान_उघडं_आहे:
सगळ्यांचे आभार. वहीखातं म्हणाले तसा एक दिवस ताडून बघितला. परतावाच निघाला! नव्या रिपोर्टमध्ये मूळ तारखेतून वजा होतोय, जुन्यात परताव्याच्या तारखेला व्हायचा. अहो मग हे एका ओळीत लिहायला काय जात होतं यांचं? एवढी मोठी व्याख्या बदलायची आणि ईमेलमध्ये फक्त नव्या रंगांचं कौतुक.

टूल सध्या नको. दर महिन्याला ऑर्डरची सीएसव्ही उतरवून एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) करायचं ठरवलंय. पण बहिणीने करून बघितलं तर विक्री भलतीच जास्त येतेय, हे का?

वहीखातं:
एका ऑर्डरीत तीन वस्तू असतील तर सीएसव्हीत तीन ओळी येतात, आणि काही ठिकाणी ऑर्डरची एकूण रक्कम तिन्ही ओळींवर छापलेली असते. टोटलचा कॉलम घेऊ नका, वस्तूची किंमत गुणिले नग असा नवीन कॉलम करून त्याची बेरीज घ्या, सूट वेगळी वजा करा. आणि मूळ फाइलला हात न लावता कॉपीवर काम करा.