स्टार्टर पेटीचा शॉक बसून हात भाजला तर?

विहीरकाठ: ५ एचपीची थ्री-फेज मोटर, पत्र्याची स्टार्टर पेटी. लाईट रात्री येते, मग ओल्या पायांनीच बटण दाबायला जावं लागतं. शॉक बसून तळहात भाजला तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करावं? कुणी हळद सांगतं, कुणी शाई. जखम रुपयाएवढीच असली तरी जायचं का? आणि पेटीत काय बसवावं?

अपघात विभाग: माणूस चिकटलेला असेल तर त्याला हात लावू नका. एसी करंटने स्नायू आवळतात, मूठ सुटत नाही. मेन स्विच पाडा. स्टार्टरचं लाल बटण पुरत नाही; त्याने मोटर थांबते, पेटीत आलेल्या वायरी चालूच राहतात. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या पीव्हीसी पाइपने त्याला बाजूला ढकला. हे फक्त ४१५ व्होल्टपर्यंत. ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) तार पडली असेल तर १० मीटर लांबच थांबा आणि १९१२ या वीज तक्रार नंबरवर कळवा.

श्वास नसेल किंवा नुसते गचके असतील तर १०८ ला फोन लावायला सांगा आणि छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

शुद्धीवर असेल तर अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. बर्फ नको. हळद-शाईने जखमेचा खरा रंग झाकतो, खोली कळत नाही.

रुपयाएवढी जखम असली तरी जायचंच! करंट हातातून शिरून पायातून जमिनीत जातो आणि वाटेतले स्नायू आतून भाजतात. तळपायही तपासा, तिथे दुसरी जखम सापडते. ईसीजी काढून घ्या. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू विरघळून किडनीवर भार आलाय, तेव्हा तासभरही थांबू नका.

वायरमन: एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही. छातीतून ५० ते १०० मिलीअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं; १६ अँपिअरच्या एमसीबीला ते जाणवतही नाहीत. स्टार्टरच्या आधी फोर-पोल, २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की पडणारा स्विच) बसवा.

नुसत्या अर्थिंगच्या भरवशावर राहू नका. खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वाहतात. फ्यूज उडत नाही, पेटी जिवंत राहते. तरीही पेटी आणि मोटरची बॉडी अर्थ कराच, म्हणजे माणसाने हात लावण्याआधीच आरसीसीबी पडेल.

विहीरकाठ: आमच्याकडे सबमर्सिबलवर तो सारखा पडतो म्हणून लोक बायपास करतात.

वायरमन: बहुतेक वेळा केबलचा जोड पाण्यात भिजलेला असतो. जोड काढून नवा करा, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. न्यूट्रल जोडलेला नसेल तर काही मॉडेलमध्ये ते चालत नाही, आरसीसीबीवर छापलेली आकृती बघून जोडणी करा. आणि पेटी उघडण्याआधी ऑटो स्विच बंद करून मेन पाडा. लाईट आली की ऑटोवरची मोटर आपोआप सुरू होते, तेव्हा हात आतच असतो.